आवाजाचा डबा आणि त्याची किल्ली



आज आम्ही तुम्हाला एका अशा वस्तूचा इतिहास सांगणार आहोत, जी तुमच्या फोनमध्ये आहे, रोज वापरात आहे, पण कधी दिसत नाही. व्हॉट्सअॅपवर लेकीचा आवाज ऐकता, लग्नातला व्हिडिओ बघता, आपला हा रेडिओचा कार्यक्रम ऐकता, तेव्हा आत कुणीतरी काम करत असतं. आवाज आकड्यांत बदलायचा, लहान करायचा, पाठवायचा, पुन्हा उलगडायचा, एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात न्यायचा, हे ते काम. ते करणारी बरीचशी साधनं लोकांनी एकत्र येऊन बनवली आहेत आणि सगळ्यांना फुकट, मोकळी दिली आहेत. तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटरवाल्यांच्या गोष्टी आम्हाला कशाला? डहाणू-तलासरीच्या बायांचा या गोष्टीशी थेट संबंध आहे. तो शेवटापर्यंत ऐकलंत की कळेल.

आधी आवाज कॉम्प्युटरमध्ये जातो कसा, ते पाहू. आवाज म्हणजे हवेचं थरथरणं. ते थरथरणं माईक पकडतो आणि कॉम्प्युटर ते मोजत राहतो. चांगल्या ध्वनिमुद्रणात एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजमाप होतं. एवढे आकडे साठवायचे तर जागाही तेवढीच लागते. सीडीच्या दर्जाचं एक मिनिटाचं गाणं साधारण १० एमबी जागा खातं. पूर्वीच्या मेमरी कार्डात अशी गाणी किती मावणार?

म्हणून आवाज लहान करायची युक्ती निघाली. धाकटी डहाणूला किंवा चिंचणीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेले तुम्ही पाहिले आहेत. ओल्या बोंबलात पाणीच फार. वाळवला की तो हलका होतो, टिकतो, लांबच्या बाजारात जातो. चव राहते, पण सुक्या बोंबलाचा पुन्हा ओला बोंबील होत नाही. आवाजाचंही तसंच. माणसाच्या कानाला जे ऐकूच येत नाही किंवा दुसऱ्या मोठ्या आवाजाखाली जे झाकलं जातं, ते काढून टाकायचं. १० एमबीचं गाणं १ एमबीत बसतं. याच रीतीला आपण एमपीथ्री म्हणतो.

ही रीत जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत तयार झाली. तिथले संशोधक कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी ती तपासायला सुझान वेगा या अमेरिकन गायिकेचं एक गाणं वापरलं होतं. त्या गाण्यात एकही वाद्य नाही, नुसता बाईचा मोकळा गळा. वाद्यांच्या गदारोळात चूक लपते, एकट्या आवाजात लगेच उघडी पडते. सुरुवातीला तो आवाज फार वाईट येत होता. नीट येईपर्यंत त्यांनी रीत सुधारत नेली. आपल्या ओवीलाही साथ असते ती फक्त जात्याच्या घरघरीची. म्हणजे आज जगभर गाणी ज्या रीतीनं फिरतात, तिची परीक्षा एका बाईच्या गळ्यावर झाली.

पण या रीतीवर पेटंट होतं. एमपीथ्री बनवणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर विकायचं, तर परवान्याचे पैसे भरावे लागत. ही पैसे घेण्याची व्यवस्था एप्रिल २०१७ मध्ये संपली, तोवर चालू होती. डबा तुमचा, आतलं गाणं तुमच्या आईचं, पण डब्याची किल्ली दुसऱ्याकडे, असा तो मामला होता.

अशा किल्ल्यांना कंटाळलेली माणसं जगात आधीपासून होती. अमेरिकेतले रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलं की आपण सगळ्यांसाठी मोकळं सॉफ्टवेअर बनवणार. मोकळं म्हणजे नुसतं फुकट नव्हे. त्यात चार गोष्टी येतात. ते कशासाठीही वापरता आलं पाहिजे. ते आतून कसं चालतं, हे बघता आलं पाहिजे. शेजाऱ्याला त्याची प्रत देता आली पाहिजे. आणि त्यात आपल्या गरजेप्रमाणे बदल करून तेही वाटता आलं पाहिजे. आपल्याकडे नागलीचं बियाणं असंच चालत आलं. शेजारणीकडून वाडगाभर घ्यायचं, पेरायचं, निवडून चांगलं ठेवायचं, पुढच्या साली तिसरीला द्यायचं. घेताना कुणी सही करत नाही. दुकानातलं पाकीट मात्र दरसाल विकत घ्यावं लागतं. हा फरक ज्या बाईला कळतो, तिला मोकळं सॉफ्टवेअर वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आता आवाज आणि चित्रांकडे वळू. १९९६ मध्ये पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी, कॉलेजच्या नेटवर्कवरून कॉम्प्युटरवर व्हिडिओ बघता यावा म्हणून, एक काम सुरू केलं. २००१ मध्ये कॉलेजनं परवानगी दिली आणि ते सगळ्यांसाठी मोकळं झालं. तेच व्हीएलसी. रस्त्यावर काम चालू असताना ठेवतात तो नारिंगी शंकू त्याची खूण आहे, तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी ती पाहिली असेल. त्या पोरांनी रस्त्यावरचे शंकू जमवले होते, त्यावरून ती खूण आली.

२००० साली फ्रान्सच्याच फाब्रिस बेलार यांनी एफएफएमपेग सुरू केलं. त्याला ना चित्र, ना बटणं. कॉम्प्युटरला एका ओळीचा हुकूम द्यायचा, की ही फाईल त्या प्रकारात बदल. ते बदलून देतं. जुन्या फोनचा आवाज, कॅमेऱ्याचा व्हिडिओ, जगात आलेले आणि गेलेले शेकडो प्रकार ते ओळखतं. व्हीएलसीच्या पोटातही एफएफएमपेगचाच भाग काम करतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये नासाचं पर्सिव्हिअरन्स यान मंगळावर उतरलं, तेव्हा उतरतानाचं चित्रीकरण हाताळायला त्या यानावर हेच एफएफएमपेग होतं. त्याच २००० साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातून ऑडॅसिटी बाहेर आलं. आवाज कापणं, जोडणं, खरखर कमी करणं हे त्याचं काम. छोट्या रेडिओ केंद्रांचा तो मोठा आधार झाला.

ही माणसं काही देवमाणसं नव्हती. २०११ मध्ये एफएफएमपेगमध्ये मोठं भांडण झालं. कारभार कसा चालावा, कुणी ठरवावं, यावरून काही जण बाहेर पडले आणि त्यांनी लिबएव्ही नावानं वेगळी चूल मांडली. बचत गट फुटताना काय होतं, हे आपल्याला माहीत आहे. पेटी कुणाकडे, वही कुणाकडे, बँकेत सही कुणाची, यातच सहा महिने जातात. इथे तसं झालं नाही, कारण पेटीला कुलूपच नव्हतं. सगळं लिहिलेलं काम दोघांनाही पूर्ण मिळालं. काही वर्षं दोन्ही चुली चालल्या. वेगळे झालेल्यांनी केलेल्या चांगल्या सुधारणा मूळवाल्यांनी घेतल्या. पुढे लिबएव्हीचं काम थंडावलं आणि एफएफएमपेग चालू राहिलं. भांडणात माणसं दुखावली, पण वापरणाऱ्या बाईचा आवाज बंद पडला नाही.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, तशा ओव्याही जाणार, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी १,००० हून जास्त गावांतून १ लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या. नव्वदच्या दशकात फ्रान्सचे बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले. त्यांना संगीतही कळत होतं आणि कॉम्प्युटरही. मग १०० तासांहून जास्त आवाज ध्वनिमुद्रित झाला. ओवीपुढे ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि तिचं गाव नोंदवलेलं आहे. पुढे गी पॉइटवँ गेले, हेमाताई गेल्या, पण ओव्या राहिल्या. २०१७ पासून पारी या ग्रामीण पत्रकारितेच्या संस्थेनं त्या टप्प्याटप्प्यानं लोकांसमोर आणल्या. टेपवर असलेला आवाज कॉम्प्युटरच्या फाईलीत नेला गेला, म्हणूनच तो आज एखाद्या नातीला फोनवर ऐकता येतो. कपाटात राहिला असता, तर बुरशीनं खाल्ला असता.

दुसरी गोष्ट मुंबईची. २००८ मध्ये तिथे पॅड-मा नावाचा व्हिडिओंचा एक संग्रह सुरू झाला. मुंबईच्या कॅम्प, मजलिस आणि पॉइंट ऑफ व्ह्यू या गटांबरोबर बंगळुरूची आणि बर्लिनची माणसं त्यात होती. चित्रपट बनवताना जे चित्रीकरण कापून टाकतात, ते टाकायचं नाही, जपायचं, हा त्यांचा विचार. एखादी बाई तासभर बोलते आणि चित्रपटात तिचं अर्धं मिनिट येतं. उरलेला तास जातो कुठे? पॅड-मानं तो ठेवला आणि कोणत्या सेकंदाला ती काय बोलली, तेही शेजारी लिहून ठेवलं. या कामात बर्लिनचे यान गेर्बर होते. त्यांनीच एफएफएमपेगच्या पायावर, व्हिडिओ मोकळ्या प्रकारात बदलणारं एक साधन लिहिलं होतं.

तिसरी गोष्ट पवईची. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकारानं बोलत्या धड्यांचा प्रकल्प उभा राहिला, स्पोकन ट्युटोरियल. पडद्यावर काय करायचं ते दिसतं आणि आवाज समजावतो. एक धडा साधारण १० मिनिटांचा. चित्र तेच ठेवून आवाज वेगवेगळ्या भाषांतला लावतात, मराठीतलाही. ऑडॅसिटी कसं वापरायचं, याचे धडे त्यात आहेत. बाळाला छातीशी कसं धरायचं, वरचं अन्न कधी सुरू करायचं, अशा आरोग्याच्या विषयांवरचे धडेही आहेत. ही रीत मनात ठेवा. चित्र एकदाच काढायचं आणि आवाज बदलायचा. मग तोच धडा वारलीत का नाही होणार? त्याला स्टुडिओ लागत नाही. शांत खोली, फोन, मोकळं सॉफ्टवेअर आणि बोलणारी बाई लागते.

रेडिओचाही इतिहास थोडा सांगू, कारण आपण त्यातूनच बोलतो आहोत. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना सामुदायिक रेडिओ काढायची मुभा मिळाली आणि २००६ मध्ये लोकांमध्ये काम करणाऱ्या सामाजिक संस्थांनाही. आजच्या तेलंगणात पस्तापूरजवळ दलित शेतकरी बायांनी रेडिओचं केंद्र आधीच उभारून ठेवलं होतं. परवान्यासाठी त्यांनी जवळजवळ १० वर्षं वाट पाहिली. तोवर त्या आपले कार्यक्रम कॅसेटवर भरून संघमच्या बैठकीत ऐकवत. १५ ऑक्टोबर २००८ ला त्यांचा संघम रेडिओ हवेत गेला. त्याच साली आपल्या साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. दिल्लीच्या ग्रामवाणी या संस्थेनं अशा छोट्या केंद्रांसाठी ग्रिन्स नावाची मोकळी प्रणाली बनवली. कार्यक्रम लावणं, ऐकणाऱ्यांचे फोन घेणं, सगळं साठवून ठेवणं, हे एका साध्या कॉम्प्युटरवर व्हावं, हा हेतू. महागडं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं असतं, तर कितीतरी छोट्या केंद्रांना ते झेपलं नसतं.

आता आपल्या गावपाड्यांवर येऊ. आमच्याकडे, म्हणजे डहाणू-तलासरीत, लग्न लावते ती धवलेरी. ती बाई असते. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. ते गाणं कोणत्याही पुस्तकातून शिकवत नाहीत, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जातं. आज कितीतरी पाड्यांवर डीजे आला आहे आणि म्हातारी धवलेरी ओट्यावर बसून आहे. दुसरी गोष्ट १९४५ ची. त्या मे महिन्यात तलासरीजवळ झरीला हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही, असं त्यांनी ठरवलं. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी सावकाराच्या घरी राबायचं, याला लग्नगडी म्हणत. ते त्या लढ्यातून सुटलं. गोदावरी परुळेकरांनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलं, म्हणून जगाला कळलं. पण त्या दिवसांत घरी राहून पोरांना कोंड्याची पेज घालणारी बाई काय म्हणत होती, हे तिच्या तोंडून किती ठिकाणी साठवलं आहे? १९४५ मध्ये १० वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीच्या आसपास आहे. आपल्याकडे वेळ फार नाही.

थोडंबहुत साठवलेलं आहे, पण ते कुठे? जुन्या बटणांच्या फोनच्या कार्डात. आमच्या गटांतल्या बाया अशी कार्डं घेऊन येतात. सासूनं गायलेलं गाणं आत आहे, पण नव्या फोनवर वाजत नाही. दुकानात दाखवलं तर म्हणतात, फाईल खराब झाली, टाकून द्या. पुष्कळदा फाईल खराब नसते. जुन्या फोनमध्ये आवाज एएमआर नावाच्या प्रकारात भरला जाई. तो फोनवरच्या बोलण्यासाठी केलेला, सेकंदाला फक्त ८,००० मोजमापं घेणारा. नवा फोन त्याला कधी कधी ओळखत नाही, व्हीएलसी ओळखतं. एफएफएमपेगनं तो दुसऱ्या प्रकारात बदलताही येतो. म्हणून आमचं सांगणं आहे, व्हीएलसीमध्ये लावून पाहिल्याशिवाय एकही कार्ड फेकू नका. एक मात्र समजून घ्या. एएमआरमध्ये भरलेल्या तारप्याचा भरदार सूर परत येणार नाही. वाळलेला बोंबील ओला होत नाही. जे भरताना गेलं, ते गेलं. म्हणून इथून पुढे भरताना चांगलं भरायचं. फोनच्या रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये सगळ्यात वरचा दर्जा निवडायचा. मूळ फाईल तशीच ठेवायची आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायला त्याची लहान प्रत करायची.

मोकळ्या साधनांवरही संकट येतं. २०२२ मध्ये व्हीएलसीचं संकेतस्थळ भारतात उघडेना. बंदी का, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. ते बनवणाऱ्या संस्थेनं इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीनं सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये ती बंदी उठली. तोवर ज्यांच्या फोनमध्ये व्हीएलसी होतं, त्यांचं चालूच राहिलं आणि त्यांनी इतरांनाही दिलं. घरात बियाणं असलं की दुकान बंद पडलं तरी पेरणी थांबत नाही.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. साधन मोकळं असलं म्हणून गाणं मोकळं होत नाही. साधन लिहिणाऱ्यांनी ते स्वतः होऊन सगळ्यांना दिलं. धवलेरीनं आपलं गाणं सगळ्यांना दिलं आहे का, हे तिला विचारावं लागेल. कुणीतरी येतो, फोन पुढे धरतो, दुसऱ्या दिवशी गाणं यूट्यूबवर आणि खाली नाव भलत्याचंच. आपल्या चौकाचं काय झालं, ते आठवा. लग्नघराच्या भिंतीवर चौक लिहायच्या त्या सवासिनी. सत्तरच्या दशकात वारली चित्रं कागदावर आली, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचं नाव जगात गाजलं, त्यांना पद्मश्री मिळाली, याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्याआधी पिढ्यान् पिढ्या भिंती लिहिणाऱ्या त्या बायांची नावं आपल्यापैकी कुणाला सांगता येतील? भिंत सारवली की चित्र गेलं आणि नावही गेलं. आवाजाच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं एवढं करा. पाड्यावरच्या ज्या म्हाताऱ्या बायांना गाणं, गोष्ट किंवा जुन्या दिवसांची आठवण येते, त्यांची यादी करा. त्यांच्याकडे जा, आधी बसा, चहा प्या, मग विचारा की आवाज भरला तर चालेल का. कुणाला ऐकवायचा, रेडिओवर लावायचा का, की फक्त घरच्यांसाठी ठेवायचा, हे त्यांनाच ठरवू द्या. काही गाणी लग्नाबाहेर गायची नसतात, तसं त्या म्हणाल्या तर फोन खिशात ठेवा. भरताना सुरुवातीलाच बाईनं स्वतःच्या तोंडून आपलं नाव, पाडा आणि तारीख सांगावी. मग ते नाव फाईलीपासून सहज तुटत नाही. मूळ फाईल दोन जागी ठेवा, एक गटाच्या पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या घरी. गटाच्या वहीत एक पान या नोंदींना द्या, कर्जाच्या पानाइतकंच नीट.

किल्ली आपल्याला लांबच्या माणसांनी बनवून दिली आहे आणि तिचे पैसेही मागितले नाहीत. डब्यात काय ठेवायचं, ते आपल्या हातात आहे. ज्यांना कार्डातला आवाज उघडून हवा आहे, त्यांनी कार्ड घेऊन गटाच्या ताईकडे या. म्हातारीला सोबत आणलंत तर फार बरं. तिचा आवाज पहिल्यांदा तिनंच ऐकावा.

जोहार.